मेहमूदचा परस

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज कामावर हजर झाले. इद्दतचे, नवऱ्यामागं घरात बसून काढायचे, चार महिने दहा दिवस शनिवारी संपले. हजेरीपटावर सही करताना माझं पेन चालेना, शिपायानं त्याचं दिलं. टेबलावर कुठल्याशा प्रकाशकानं फुकट पाठवलेली ही डायरी पडली होती. जानेवारीची पानं कोरी सोडून इथून सुरू करते आहे. लिहिण्यासारखं काही आहे असं नाही, पण नोंद ठेवायची सवय बावीस वर्षांची आहे.

सगळे भेटून गेले. काळजी घ्या म्हणाले. मी हो म्हणाले. मेहमूद खाली भूगोल विभागाच्या प्रयोगशाळेत परिचर होता आणि मी वर ग्रंथपाल, मधे एक जिना. बायको वर, नवरा खाली, अशी स्टाफरूममध्ये आमची चेष्टा चालायची. सव्वीस सप्टेंबरला दुपारी तो खाली खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. आज मी जिना उतरले नाही. खाली काही काम नव्हतं.

चार महिन्यांची वर्तमानपत्रं गठ्ठे करून ठेवली आहेत, तारखांचा पत्ता नाही. विद्यापीठाचं एक नवीन परिपत्रक आलंय. यापुढं पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या मूळ नोंदी ग्रंथालयात जमा करायच्या, आणि ‘मूळ नोंदी पडताळून पाहिल्या, कोणीही पुन्हा काम केल्यास हेच उत्तर येईल’ असं प्रमाणपत्र ग्रंथपालानं द्यायचं. परिपत्रकात त्याला ‘संशोधन विदा व्यवस्थापन’ म्हटलंय. आमच्या शिरूरच्या कॉलेजात हे काम बैठकीत माझ्या नावावर टाकलं गेलं, कारण मी रजेवर होते.

भूक लागली नाही. डबा तसाच परत आणला.

५ फेब्रुवारी, बुधवार

अपेक्षा गव्हाणे आली होती. भूगोलाची पीएच.डी. करते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या चौतीस विहिरींचं पाणी तीन वर्षं दर महिन्याला मोजायचं, असा विषय. पहिले दोन महिने ती स्वतः मेहमूदबरोबर हिंडली, मग दिवस गेले, बाळ झालं, आणि पुढं सगळं मेहमूदनं एकट्यानं मोजलं. मोटारसायकलवर रविवारी निघायचा. हे मला माहीत होतं. मी डबा द्यायचे.

बाहेरच्या परीक्षकांचं पत्र तिनं दाखवलं. चौतीसपैकी दोन विहिरी भूजल खात्याच्याही निरीक्षणात आहेत. खात्याचा आकडा आठ मीटर तीस सेंटिमीटर, अपेक्षाचा नऊ पंधरा. खात्याचा अकरा बासष्ट, हिचा बारा एक्क्याऐंशी. प्रत्येक महिन्यात हिचं पाणी जास्त खोल. परीक्षकांनी लिहिलंय की नोंदी प्रत्यक्ष घेतल्या की कागदावर तयार केल्या, याची शंका येते. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत मूळ वह्या, मोजण्याचं साधन आणि ग्रंथपालाचं प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर प्रबंध परत.

अपेक्षा रडली. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं की मोजलं कशानं. प्रबंधात तर टेपनं असं लिहिलंय. ती म्हणाली, टेप पंधरा मीटरची होती, उन्हाळ्यात पुरत नव्हती. मेहमूदभाईंनी दोरी केली होती. त्यांच्या वहीत सगळं परस या मापात आहे. परस म्हणजे किती ते तिनं तिच्या वडिलांना विचारलं, ते सहा फूट म्हणाले, तिनं सहा फुटांनी गुणलं.

मग टेप का लिहिलं, असं विचारलं तर म्हणाली, “दोरी लिहिलं असतं तर हसले असते मॅडम.”

दोरी कुठं आहे ते तिला माहीत नाही. प्रयोगशाळेत नाही. मलाही माहीत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कपडे धुतले. मेहमूदचे दोन शर्टही धुतले. कपाटात ठेवून ठेवून कुबट वास येतो, म्हणून दर रविवारी दोन काढते. पाच-सहा आठवड्यांत सगळे होतात, मग पुन्हा पहिल्यापासून.

अंगणातली दोरी फार वैतागाची आहे. मय्यतीच्या वेळी घरात पाहुणे मावत नव्हते, धुण्याचे ढीग पडले होते. मी आत बसलेली. सोहेबनं, म्हणजे माझ्या दिरानं, मिळेल ती दोरी घेऊन नळापासून पेरूपर्यंत आणि पेरूपासून मोरीपर्यंत बांधून टाकली. एवढी लांब की उरलेली मोरीच्या खिळ्याला गुंडाळून ठेवली आहे. तिला जागोजाग गाठी. ओली ओढणी सरकवावी तर गाठीला अडते. टोकाला एक जुनं गंजकं कुलूप लोंबतंय, त्याची किल्ली नाही. वारा आला की मोरीच्या पत्र्यावर आपटत राहतं. दोरीला कुलूप कोण लावतं कुणास ठाऊक. आमच्या घरच्यांचं काही सांगता येत नाही.

एक सोय मात्र आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट दोन्ही बाह्या ताणून घातला की दोन गाठींच्या मधे बरोबर बसतो. दोन्हीकडं चार-चार बोटं जागा उरते, तिथं चिमटे लागतात. मेहमूदचे शर्ट मी तिथंच घालते.

सोहेब दुपारी येऊन गेला. तो दौंडला राहतो, कुरकुंभला औषधाच्या कंपनीत शिफ्टला जातो. मटण आणलं होतं. शिजवलं, तो जेवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जिना उतरले. काम होतं म्हणून उतरले. मेहमूदच्या कपाटाची किल्ली विभागात होती. आत चार लांब वह्या, एक टॉर्च, बिस्किटाचा अर्धा पुडा. पुडा टाकून दिला, वह्या वर आणल्या. खुर्ची तिथंच आहे. तिच्यावर नकाशांची गुंडाळी ठेवली आहे.

वह्यांत विहिरींना नंबर नाहीत, नावं आहेत. जांभळाखालची. दोन भावांची. राहूची मुक्ताबाईची. कवठे येमाईची मोडक्या रहाटाची. अपेक्षाच्या संगणकात एक ते चौतीस. कुठलं नाव म्हणजे कुठला नंबर, हे कुठंच लिहिलेलं नाही. मी दोन रकाने आखून तक्ता करायला घेतला. असा तक्ता आधीच करायला हवा होता असं प्रशिक्षणात सांगतात. ते प्रशिक्षण मीही दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलं होतं, तेव्हा मेहमूद पलीकडच्या खोलीत याच वह्या लिहीत असणार. त्याला सांगावं हे मला सुचलं नाही.

अक्षर त्याचंच. पाच परस, साडेचार परस, सात परस. काही ठिकाणी आकडा नाही, कारण आहे. ‘गेलो नाही. नदीला पाणी.’ ‘गेलो नाही. टायर.’ एका ऑगस्टच्या पुढं: ‘गेलो नाही. खुर्शिदला ताप.’

मला असा ताप आल्याचं आठवत नाही. वही मिटली, पाच वाजले होते.

अशा रिकाम्या जागा मोजल्या तर एकतीस आहेत. अपेक्षाच्या संगणकात एकही रिकामी नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अपेक्षाचे मार्गदर्शक साहेबराव सर यांनी बोलावलं. भले गृहस्थ आहेत, मेहमूदच्या दफनाला शेवटपर्यंत थांबले होते. चहा मागवला. अपेक्षाही होती, खाली मान घालून.

सरांनी मार्ग काढला होता. परीक्षकांना कळवायचं की नोंदी परिचरानं घेतल्या, त्या काही ठिकाणी विश्वासार्ह नसाव्यात, बहुधा घरी बसून भरल्या गेल्या. तो माणूस आता हयात नाही. त्या नोंदी वगळून अपेक्षा स्वतः एक वर्ष पुन्हा मोजेल, प्रबंध वाचेल. माझ्याकडून फक्त एवढं हवं की ‘मूळ नोंदी पडताळणीस योग्य आढळल्या नाहीत’ असं लिहून द्यावं.

“मेहमूदला आता काय फरक पडतोय मॅडम,” सर म्हणाले. “आणि पोरीचं आयुष्य आहे.”

खरंच होतं ते. मेहमूदला फरक पडत नाही. मला राग यायला हवा होता असं आत्ता लिहिताना वाटतंय, पण आला नाही. मी एकतीस रिकाम्या जागांचं विचारलं. अपेक्षा म्हणाली की तिथं मागच्या-पुढच्या महिन्यांची सरासरी टाकली. सर म्हणाले, तसं करतातच. करतात हे मलाही माहीत आहे, पण करतात तेव्हा तसं लिहून ठेवतात.

मग मी एवढंच बोलले, “ज्याला घरी बसून भरायचं असतं तो जागा रिकामी सोडत नाही, सर.”

चहा गार झाला होता. मी अठ्ठावीस तारखेपर्यंतचा वेळ मागून घेतला. सर म्हणाले, दोरी सापडली तर बघू, नाहीतर माझ्या मजकुरावर सही करा. मी हो म्हणाले.

१६ फेब्रुवारी, रविवार

कपडे धुतले. दोन शर्ट धुतले. मोटारसायकलची डिकी, माळा, कोळशाची खोली, सगळीकडं दोरी शोधली. नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. अपेक्षाच्या स्कूटरवर मागं बसून राहू गावाला गेले. न्हावऱ्यापर्यंत दर गावात भगवे झेंडे आणि स्पीकर, मधल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. इद्दतनंतर मी पहिल्यांदाच गावाबाहेर पडले. ऊन बरं होतं.

मुक्ताबाईंची विहीर म्हणजे खात्याच्या दोन विहिरींपैकी एक. बाई सत्तरीच्या, एकट्या, दोन म्हशी. मी कोण ते अपेक्षानं सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही, विहिरीपर्यंत तसाच धरून नेला. मला अवघडल्यासारखं झालं. विचारायचं ते मी कागदावर लिहून नेलं होतं, ते एका हातानं काढावं लागलं.

मेहमूद दर महिन्याला खरंच यायचा का, हा पहिला प्रश्न.

“यायचा म्हंजी? म्हयन्याचा दुसरा आयतवार आन् मेहमूदभाई, ह्यात कवा चूक न्हाई. एकदा पाऊस लई व्हता, तर म्होरल्या म्हयन्याला आला आन् म्हनला, आक्का, मागल्या खेपंचं चुकलं, ते कोरं ठिवलंय.”

दोरीबद्दल विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं. पांढरी नायलॉनची दोरी, गाठी मारलेली. इथंच थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी कट्ट्यावर, उभं राहून त्यानं ती केली. दोन्ही हात पसरायचे, एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत दोरी ताणायची, गाठ मारायची, पुन्हा हात पसरायचे. अशा वीस. टोकाला वजन हवं म्हणून बाईंनीच त्याला जुनं कुलूप दिलं, किल्ली हरवलेलं.

“पान्याला टेकलं की टुबुक करायचं. त्यो कान दिऊन ऐकायचा. मंग गाठी मोजायचा.”

मी विचारलं, परस म्हणजे सहा फूट ना? बाई हसल्या.

“परस ज्याचा त्याचा आसतो बाई. आमच्या मालकांचा लई मोठा व्हता, दाराला टेकायचे हात. मेहमूदभाई बेताचाच.”

हे सगळं टिपून घेतलं: नायलॉन, पांढरी, वीस गाठी, टोकाला कुलूप. परत येताना अपेक्षा म्हणाली की अशी दोरी आता कुठून मिळणार. मीही म्हणाले की नाहीच मिळायची. बाईंनी दिलेलं दही स्कूटरवर सांडलं. घरी येऊन दोरीवरचे माझे कपडे काढले, घड्या घातल्या. टोकाचं कुलूप पत्र्यावर वाजत होतं, म्हणून खाली फडकं कोंबलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी चहा गाळताना लक्षात आलं.

गाळणं खाली ठेवून अंगणात गेले. पाच महिने मी तिच्यावर ओले कपडे घालते आहे.

कुलूप हातात घेतलं. गाठी मोजल्या. नळापासून पेरूपर्यंत चार, पेरूपासून मोरीपर्यंत पाच, बाकीच्या खिळ्याच्या गुंडाळीत. वीस. परत मोजल्या. वीस.

दोन गाठींच्या मधे त्याचा एक शर्ट रविवारपासून तसाच राहिला होता. दोन्हीकडं चार-चार बोटं जागा. तिथं त्याच्या मुठी.

कॉलेजला पाऊण तास उशीर झाला. हजेरीपटावर उशिराचं कारण लिहायचं असतं. ‘घरगुती’ लिहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सोहेबला बोलावलं होतं. त्याला सांगितलं तर तो दोरीपाशी गेला आणि एक गाठ चाचपून पाहिली. मोटारसायकलच्या डिकीत मिळाली आणि बांधली, एवढंच त्याला आठवत होतं. “भाईची होती एवढं कळलं, पण कशाची ते कुणाला माहीत,” म्हणाला. दोन-तीनदा माफी मागितली. मी म्हणाले, त्यात काय, नाहीतर कुणी फेकून दिली असती.

दोरी सोडवायच्या आधी मोजली. माझी शंका ही होती की पाच महिने ओली धुणी पेलून नायलॉन ताणलं असणार, मग हे माप त्याचं राहिलं कुठं? तर कपडे वाळत घालायच्या नऊ परसांची सरासरी एक मीटर एकोणसत्तर भरली. खिळ्याला गुंडाळलेल्या अकरांना कधी ओझंच पडलं नव्हतं. ते एक मीटर सहासष्ट. सगळे सहासष्ट, एखादं अर्धं बोट इकडं-तिकडं. सोहेब टेप धरत होता, मी लिहीत होते. मोजणी तीनदा केली.

पाच परस म्हणजे आठ मीटर तीस. सात परस म्हणजे अकरा बासष्ट. खात्याचे आकडे मी समोर ठेवले नव्हते, पण ते मला पाठ झाले होते.

सोहेब रडत होता. मी तक्ता पुरा केला.

नंतर एकटी असताना एक गोष्ट केली, तीही लिहून ठेवते. अकरा परसांमधला एक घेतला, उजव्या मुठीत एक गाठ धरली आणि डावा हात पसरून दुसरी गाठ गाठायचा प्रयत्न केला. पुरत नाही. वीतभर कमी पडते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल कॉलेज बुडवून दोरी घेऊन दोन्ही विहिरींवर जाऊन आलो. अपेक्षानं एका बांधकामवाल्याकडून लांब टेप आणली होती. राहूला दोरी मी सोडली. गाठी हातातून एकेक जाताना कळत होत्या. कुलूप पाण्याला टेकलं, टुबुक झालं, मुक्ताबाईंनी मान हलवली. साडेचार परस. म्हणजे सात मीटर सत्तेचाळीस. टेपनं सात पंचेचाळीस. कवठे येमाईच्या मोडक्या रहाटावर फरक तीन सेंटिमीटरचा.

म्हणजे नोंदी खऱ्या आहेत. बाराशे चोवीसपैकी एकतीस नाहीत, आणि त्या नाहीत असं त्यानंच लिहिलंय. बाकी सगळ्या खऱ्या. प्रत्येकीला सहा फुटांऐवजी एक सहासष्टनं गुणायचं, एवढंच.

आनंद व्हायला हवा होता. अपेक्षाला झाला, पण आज तोही टिकला नाही. कारण आता प्रबंधात टेप लिहिलं ते खोटं होतं, आणि एकतीस आकडे सरासरीचे होते, हे तिला स्वतःच्या सहीनं कबूल करावं लागणार. ती म्हणाली, गुपचूप पान बदलून नवीन छापलं तर? दोरी सापडलीच आहे, आकडेही बरोबर येतात. कुणाचं काय बिघडतं?

मी सोहेबचं सांगितलं. त्याच्या कंपनीत नोंदवहीत चुकलं तर खाडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही, पांढरी शाई लावली तर नोकरी जाते. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. चूक झाली याची शिक्षा होत नाही, लपवली याची होते.

अपेक्षानं प्रबंध पुढं ओढून ते पान उघडलं. मग म्हणाली, “सर मला सोडतील का मॅडम?”

मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पुढचं मात्र बोलून गेले, “मेहमूदनं कोरं सोडलेलं तू भरलंस. ते परत कोरं कर. बाकी मी बघते.”

तिनं पेन घेतलं. ‘टेपने’ या शब्दावर एक रेघ मारली. वर लिहिलं, ‘गाठींच्या दोरीने’. सही केली, तारीख घातली. मग कारणापाशी थांबली आणि लिहिलं, ‘लाज वाटली म्हणून’. मी म्हणाले, एवढं नको. ती म्हणाली, राहू दे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी साहेबराव सरांच्या टेबलावर सगळं मांडलं: चार वह्या, विहिरींची नावं आणि नंबरांचा तक्ता, दोरीच्या मापाचा कागद, सोमवारच्या दोन पडताळण्या, रेघ मारलेली पानं. सरांनी सगळं वाचलं. ‘लाज वाटली म्हणून’पाशी चष्मा काढला. मग स्वतःचा मजकूर, तो मेहमूद विश्वासार्ह नसल्याचा, खणातून काढून माझ्यासमोर फाडला. मला वाटलं, यावरही एक रेघच मारायला हवी होती. सरांनी प्रबंधावर सही केली आणि परीक्षकांना पाठवायला दिलं. ते काय म्हणतील ते म्हणोत. आता कुणीही येऊन मोजू शकतं.

नोंदी जमा करताना भरायच्या वर्णनाच्या कागदावर एक रकाना असतो, मोजमापाचे एकक. तिथं मीटर लिहितात. मी लिहिलं: ‘परस. मरहूम मेहमूद यांचे दोन्ही हात पसरल्यावर मुठीपासून मुठीपर्यंतचे अंतर. १.६६ मीटर.’ प्रमाणपत्रावर सही करताना पेन चाललं.

मोजण्याचं साधन ग्रंथालयात जमा करायचं असतं. काल संध्याकाळी दोरीची गुंडाळी करताना कात्री जवळ होती. अकरांतला एक परस कापून घरी ठेवावा असं वाटलं. कात्री उचललीही. पण कागदावर वीस लिहिलेत, वीसच हवेत. उद्या कुणी मोजायला आलं आणि एकोणीस निघाले तर पुन्हा मेहमूदवरच येईल.

तर दोरीला दाखल क्रमांक दिला. कुलुपाला चिठ्ठी बांधली. कपाटात ठेवली आणि संदर्भग्रंथांना मारतो तो शिक्का चिठ्ठीवर मारला: ‘येथेच पाहावे. घरी नेता येणार नाही.’

बावीस वर्षं हा शिक्का मीच मारते आहे.

२ मार्च, रविवार. पहिला रोजा

सहेरीला एकटीच उठले. दोन ताटं काढली, एक परत ठेवलं.

उजाडल्यावर कपडे धुतले. दोन शर्ट धुतले. निळा आणि चौकडीचा. बादली उचलून अंगणात गेले, निळा शर्ट झटकला, बाह्या ताणल्या आणि हात वर केले. वर काही नव्हतं. नळ होता, पेरू होता, मधे काही नव्हतं.

शर्ट बाह्यांनी धरून तशीच उभी राहिले, दोन्ही हात पसरून. त्यातलं पाणी पायांवर गळत होतं. मेहमूद गेला हे मला पाच महिने माहीत होतं, सगळ्या कागदांवर मीच लिहिलं होतं. आज ते समजलं. मोठ्यानं रडले. शेजारच्या बाई भिंतीवरून बघून गेल्या, थोड्या वेळानं परत आल्या आणि काही न विचारता बादलीतले राहिलेले कपडे त्यांच्या तारेवर घालायला घेऊन गेल्या.

निळा शर्ट दिला नाही. तो पेरूच्या फांदीवर टाकला आहे. सोहेब चारला तार घेऊन येतो म्हणाला, पण त्याला फोन करून सांगितलं की आज राहू दे.

पुढच्या रविवारी दुसरा आयतवार. राहूचं पाणी मोजायला अपेक्षा जाणार आहे. मी डबा देईन म्हणाले, मग आठवलं की तिला चालेल पण मला रोजा आहे. तरी देईन. दोरी मात्र तिला इथं येऊन, वहीत सही करून, दिवसापुरती न्यावी लागेल.

शिक्क्याखाली तशी एक ओळ उद्या हातानं लिहिते: ‘फक्त विहिरीवर.’